चाळीस मिनिटांचं दुखणं

"हार्डडिस्क गेली म्हणजे कुठं गेली? पाय फुटले तिला?"

"आक्का, गेली म्हणजे मेली. खलास."

"कशावरून? डबा उघडलास?"

"उघडायची गरज नसते. पडद्यावर लिहून आलं ना समोर, डिस्क सापडत नाही म्हणून. वीस वर्षं हेच करतोय मी."

"पडद्यावरचं मलाही दिसतं. त्यासाठी तुला कशाला बोलवायचं? तू दुरुस्तीवाला का पाटी वाचणारा?"

शिवणाच्या बारा मशिनी एकदम थांबल्या. बाया मान खाली घालून हसत होत्या. ज्याला ती हे बोलली, त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला सगळा बाजार डॉक्टर म्हणायचा. पांढरा शर्ट, काखेत काळी बॅग, आणि तब्येत बघायच्या आधीच तोंडावर सुतकी भाव. त्यानं बॅगेची चेन ओढली आणि काचेच्या केबिनमधून बाहेर आलेल्या धाकट्या मालकांकडं बघून खांदे उडवले.

धाकटे मालक म्हणजे गेल्या वर्षी गेलेल्या थोरल्या मालकांचा मुलगा. वय चाळीस, पण या कारखान्यात धाकटेच. लहानपणी तो इथंच कापडाच्या चिंध्यांच्या ढिगात झोपायचा, आणि झोपेतून उठला की नाक पुसायला आक्काकडं यायचा. त्यामुळं तो तिला अहो-जाहो करायचा आणि ती त्याला अरे-तुरे. डोकं फिरलं की मात्र ती त्याला 'मालक' म्हणायची. तेव्हा बाया समजायच्या, आज काही खरं नाही.

"आक्का," तो म्हणाला, "महिनाभर बघतोय मी. रोज हँग होतो. आज तर सुरूच होईना. आता पुरे. डॉक्टर नवा कॉम्प्युटर देतायत, त्याच्यासोबत तयार नक्ष्यांचा अख्खा संच येतो. हजारो नक्ष्या. बटण दाबलं की झालं. चार वाजता डॉक्टर नवा घेऊन येतील, भंगारवाल्याचा गाडाही चारलाच येईल. हा त्याच्यावर टाकू."

"आणि मी?"

"तुम्ही आता उभ्या दिवसाचं टेन्शन घेऊ नका. दोरे कापायच्या टेबलावर निवांत बसा."

"बरं, मालक," आक्का म्हणाली.

बायांनी पटापट मशिनींचे पायडल दाबायला सुरुवात केली.

आता आक्का कोण ते सांगायला हवं. शाळा, दवाखाने, बस डेपो, खेळाचे संघ यांचे गणवेश शिवायचा हा कारखाना. गणवेशावर छातीशी जो बिल्ला असतो, तो भरतकामाच्या मशीनवर निघतो. मशीन सहा हेडचं, म्हणजे एका वेळी सहा बिल्ले. मशीनला अक्कल नसते. सुई कुठं टोचायची ते त्याला कॉम्प्युटर सांगतो, आणि कॉम्प्युटरला सांगायची आक्का. एकेक बिल्ला आधी चौकटीच्या कागदावर काढायचा, मग टाक्याटाक्याला ठिपका देत आत भरायचा. एका बिल्ल्याचे सात-आठ हजार टाके सहज. अशा चारशेच्या वर नक्ष्या तिनं अठरा वर्षांत त्या डब्यात घातल्या होत्या. गावात कोणत्याही शाळेचं पोर रस्त्यानं चाललं की आक्का त्याच्या तोंडाकडं बघायची नाही, छातीकडं बघायची आणि म्हणायची, "पंखाचा कोपरा उसवलाय, आईला सांग."

शिकली होती सातवीपर्यंत. नवरा एक दिवस कामाला म्हणून सायकलवर बसून गेला. आठवड्यानं एका ओळखीच्या माणसाच्या हाती सायकल परत आली, नवरा आला नाही. लोक समाचाराला यायला लागले तेव्हा ही दारात उकिडवी बसून सायकलीचं पंक्चर काढत होती. दुसऱ्या दिवशी त्याच सायकलवर बसून शिवणकामाला आली. रडली का नाही ते तिलाच ठाऊक. कारखान्यात मात्र ती बिघडलेल्या मशिनी दुरुस्त करते म्हणूनच गाजली. मशीनला कान लावायची आणि सांगायची, "खालच्या दात्यात दोरा अडकलाय." उघडून बघितलं की निघायचाच.

थोरल्या मालकांनी भरतकामाचं मशीन आणि कॉम्प्युटर आणला तेव्हा चालवायला एक शिकलेला माणूस ठेवला होता. तो दीड महिन्यात कंटाळून गेला. जाताना म्हणाला, हे बायकांचं काम नाही. आक्कानं ते ऐकलं. मशीनसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकातलं अक्षरही तिला कळत नव्हतं, पण चित्रं होती. चित्र आणि मशीन, मशीन आणि चित्र, असं करत तिसऱ्या आठवड्यात तिनं पहिला बिल्ला काढला. वाकडा निघाला. थोरले मालक म्हणाले, "बदकासारखा दिसतोय गरुड." ही म्हणाली, "उडतो का नाही ते बघा." तेव्हापासून ती खुर्ची तिची.

आणि आता ती खुर्ची सोडून दोरे कापायचे. वर चारशे नक्ष्या गाड्यावरून भंगारात. डॉक्टरनं मघाशी विचारलं होतं, कॉपी काढून ठेवली आहे का? होती, पण सहा वर्षांपूर्वीपर्यंतची. पुढं फ्लॉपीचा कप्पा मोडला आणि आक्कानं आज करू, उद्या करू केलं. त्या सहा वर्षांतलं सगळं फक्त त्या डब्यात. त्यातच अग्निशामक दलाची शिडी आणि ज्वाला असलेली नक्षी होती. सहाशे बिल्ल्यांचं ते काम उद्या द्यायचं होतं.

"चार वाजता गाडा येणार ना?" आक्का म्हणाली. "मग चारपर्यंत हा डबा माझा. कुणी हात लावायचा नाही."

"आक्का, उगाच..."

"तुझ्या बापानं मला बदकाला तीन आठवडे दिले होते. तू सहा तास देऊ शकत नाहीस?"

धाकट्यानं घड्याळ बघितलं, डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टर हसला. "करू द्या. मेलेल्याला आणखी काय होणार?" आणि चारला येतो म्हणून गेला.

आक्का स्टुलावर बसली. डब्याला हात लावायच्या आधी तिनं खिशातून वही काढली. महिनाभर कॉम्प्युटर हँग झाला की ती वेळ लिहून ठेवायची. माउसचा बाण पडद्यावर खिळल्यासारखा थांबायचा, काहीही दाबा, हलायचा नाही. शेवटी वायर काढूनच बंद करावा लागायचा. तिनं काजवालीला हाक मारली. काजवाली म्हणजे शर्टांची काजं करणारी, जिभेनं तिखट, आणि आक्काची मैत्रीण.

"हे वाच. सकाळी नऊला सुरू केला, नऊ चाळीसला थांबला. जेवणानंतर दोनला सुरू, दोन चाळीसला थांबला. सुटीच्या आदल्या दिवशी पण तेच. त्याच्या आदल्या दिवशी पण तेच."

"म्हणजे शाळेची तासिका झाली ही. चाळीस मिनिटं झाली की सुटी."

"मेलेली वस्तू घड्याळ बघून मरते का? तापतोय हा. आपली तीन नंबरची मशीन नाही का, मोटार तापली की बसायची."

"पण आता तर सुरूच होत नाही."

"ते दुसरं दुखणं. एकेक सोडवू. गुंता एकदम ओढला की गाठ बसते."

आधी तिनं भिंतीतल्या प्लगला टेबलावरचा दिवा लावून बघितला. लागला. म्हणजे वीज येते. मग डब्याचं बटण दाबलं. आत घर्र झालं, दोन श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि गप्प. पुन्हा दाबलं. पुन्हा दोन श्वास. सकाळी डॉक्टरसमोर निदान पाटी तरी आली होती, आता तीही नाही. "श्वास घेतोय," आक्का म्हणाली, "पण कुणीतरी नरडं धरलंय."

डबा टेबलावर घ्यायचा म्हणून तिनं त्याचं कव्हर काढायला घेतलं.

या कव्हरांचं थोडं सांगतो. शिवणाच्या कारखान्यात कापडाची बारीक बोंद, म्हणजे तंतूंचा भुगा, सतत उडत असते. नाकात, डोळ्यात, जेवणाच्या डब्यात. म्हणून या बायांची रीतच होती: उघडं काही ठेवायचं नाही. उरलेल्या कापडातून टेलिफोनला कव्हर, पाण्याच्या पिंपाला कव्हर, रेडिओला कव्हर. आग विझवायच्या लाल नळकांड्यालासुद्धा बटणांचा कोट घातला होता. तपासणीला आलेल्या साहेबाला ती बटणं सोडता येईनात तेव्हा तो चिडला होता. कॉम्प्युटरलाही पहिल्यापासून कव्हर होतंच. जुनं विरून त्याची चाळण झाली होती, म्हणून आक्कानं स्वतः नवं शिवलं. दवाखान्यातल्या पहारेकऱ्यांच्या कोटांचं अस्तर उरलं होतं, दुहेरी, आत कापूस. मापात बेतलेलं, कोपऱ्याला दुहेरी शिलाई, बटण दाबायला पुढं झडप, वायरींना मागं तीन काजं. कुठं सुरकुती नाही. घातलं की घातलंच, काढायचं कारण नाही. डॉक्टरनंसुद्धा सकाळी झडपेतूनच बटण दाबलं होतं आणि म्हणाला होता, "शिवलंय मात्र झकास."

आक्कानं कव्हर ओढून काढलं आणि उलटं केलं. मागच्या बाजूला, आतून, ताटलीएवढं गोल काळपट वर्तुळ उमटलं होतं. त्यावर बोंदेचा थर, दाबलेल्या लोकरीसारखा जाड. डब्याच्या मागं बघितलं तर पंख्याची जाळी, तेवढीच गोल.

तिनं ते वर्तुळ जाळीवर धरून बघितलं. बरोबर बसलं.

काजवाली म्हणाली, "हे कधी शिवलंस गं?"

"दीड महिना झाला."

"आणि हँग कधीपासून..."

"महिना."

काजवालीनं इकडंतिकडं बघितलं. हळूच म्हणाली, "घडी घाल आणि दे माझ्याकडं. पिशवीत टाकते. कोण विचारतंय?"

आक्कानं क्षणभर कव्हराची घडी घातलीही. मग झटकन उघडली आणि काचेच्या केबिनकडं ओरडली, "ए धाकट्या! इकडं ये!"

तो आला. तिनं ते वर्तुळ त्याच्या नाकासमोर धरलं. "हे बघ. गरम हवा बाहेर जायची वाट मी बुजवली. माझ्या हातानं. दुहेरी शिलाई घालून."

धाकट्यानं वर्तुळावरून बोट फिरवलं. "म्हणजे... तुम्हीच बिघडवला?"

"मी गुदमरवला. गुदमरलेला आणि मेलेला यांत फरक असतो. तुझ्या डॉक्टरला तो बघता आला नाही, कारण त्यानंही कव्हर काढलं नाही."

"आक्का, तुमच्या चुकीनं उद्याचं सहाशेचं काम..."

"चूक माझी. शंभर वेळा माझी. त्यापायी दोरे कापायला लाव, नाहीतर घरी घालव. पण चार वाजता. आत्ता अकरा वाजलेत, आणि तू माझ्या उजेडात उभा आहेस."

धाकटा लाल झाला. पण बाजूला सरला.

वायर काढून तिनं डब्याचे स्क्रू सोडले. आत बघून काजवालीनं नाकाला हात लावला. डबा कसला, उशी होती. राखाडी, निळी, खाकी बोंद थरावर थर. अठरा वर्षांचे सगळे गणवेश तिथं हजर होते. आक्कानं शिवणमशीन झाडायचा कुंचला घेतला आणि एकेक कोपरा झाडायला बसली. ओरबाडायचं नाही, फुंकायचं नाही. फुंकरीत थुंकी जाते. मधोमध एक छोटा पंखा होता, त्याच्याखाली कॉम्प्युटरचं डोकं. तिनं पंख्याच्या पात्याला बोटानं हलवलं. हलेना.

"हे बघ नरडं धरणारा," ती म्हणाली. "डोक्यावर वारा नाही. तापून भाजण्यापेक्षा तो स्वतःच बंद पडतोय. डॉक्टरपेक्षा शहाणा आहे."

पंख्याच्या आसाला गुंडाळलेला दोरा तिनं चिमट्यानं सोडवला, निळा, बहुतेक कुठल्यातरी शाळेचा. मग शिवणमशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. पातं फिरलं. जेवायची सुटी झाली, सगळ्या बाया डबे घेऊन हिच्याभोवती बसल्या, हिनं काही खाल्लं नाही.

एकला बटण दाबलं. घर्र... दोन श्वास... तीन... चार... चालूच राहिला! बाया ओरडल्या. पण पडदा काळाच, आणि आतून आवाज आला: टीं, टीं, टीं.

"शिट्या मारतोय," काजवाली म्हणाली. "तुझ्यावर मेलेला दिसतो."

"तब्येत बरी असली की एकच मारतो. तीन म्हणजे कुठंतरी दुखतंय." थोरल्या मालकांच्या वेळी कॉम्प्युटर बसवायला आलेल्या माणसानं तिला एवढं सांगितलं होतं: तीन शिट्या झाल्या की आठवणीची पट्टी, म्हणजे मेमरी, बघ. बोटभर लांबीची हिरवी पट्टी, खालच्या कडेला पिवळे दात. आक्कानं वायर पुन्हा काढली, पट्टी उपसली. झाडताना ती हलली होती, आणि दात काळवंडले होते. बेतायच्या टेबलावरचा खोडरबर घेऊन तिनं ते दात हळूहळू घासले, पिवळे होईपर्यंत, आणि पट्टी पुन्हा खाचेत बसवली, दोन्हीकडून कट्ट आवाज येईस्तोवर.

आता एकच शिट्टी झाली. पडदा उजळला. त्यावर सकाळचीच पाटी आली: डिस्क सापडत नाही.

धाकटा मागं येऊन उभा होता, कधी आला कळलं नाही. सूर चढा नव्हता त्याचा, थकलेला होता. "बघितलंत? डॉक्टर हेच म्हणाले. आक्का, तुम्ही खूप केलंत. आता सोडा."

आक्का त्या पाटीकडं नव्हती बघत. ती कोपऱ्यातल्या तारखेकडं बघत होती.

"धाकट्या, आज तारीख काय?"

त्यानं सांगितली.

"इथं काय लिहिलंय?"

त्यानं वाकून वाचलं. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची होती. तेव्हा हा डबा कारखान्यात आलाही नव्हता.

"कालपर्यंतच्या सुटीत दोन दिवस तारा बदलायला तू मेन स्विच बंद ठेवला होतास. एरवी भिंतीतल्या विजेवर ह्याची आठवण जागी राहायची. आतला छोटा सेल संपत आला होता, त्या दोन दिवसांत पुरता संपला. ज्याला आजची तारीख आठवत नाही, त्याला डिस्क कुठून आठवणार? डिस्क आहे तिथंच आहे. हाच विसरलाय."

तिनं नखानं डब्यातून एक सेल काढला, शर्टाच्या बटणासारखा गोल, चपटा. "असला पाहिजे."

"कुठं मिळणार आता? ते दुकान आज बंद असतं."

आक्कानं त्याच्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडं बघितलं. बटण दाबलं की गाडी चिवचिवते, तसली किल्ली. धाकट्यानं हात पाठीमागं नेला.

"नाही हं आक्का."

"गाडी हातानं उघड. देवानं हात दिलेत."

"आक्का!"

"लहानपणी नाक माझ्याकडून पुसून घेताना लाजला नाहीस. दे."

बाया तोंडात पदर-रुमाल कोंबून हसत होत्या. त्यानं किल्ली दिली. तिनं कात्रीच्या टोकानं ती उघडली, सेल तोच निघाला.

सेल बसवला, तरी कॉम्प्युटरला सगळं पुन्हा सांगावं लागतं. निळ्या पडद्यावर परक्या अक्षरांच्या ओळी आल्या. धाकटा म्हणाला, हे डॉक्टरशिवाय जमायचं नाही. आक्कानं वहीच्या मागच्या पानाला चिकटवलेला जुना कागद उघडला. बसवायला आलेल्या माणसानं अठरा वर्षांपूर्वी हाच पडदा दाखवला होता, तेव्हा तिनं तो जसाच्या तसा चौकटीच्या कागदावर काढून घेतला होता. वाचता येत नव्हतं, म्हणून अक्षरं नक्षीसारखी काढली होती, प्रत्येक उभी-आडवी रेघ मोजून. आता ती पडद्यावरची ओळ आणि कागदावरची ओळ जुळवत गेली. जिथं आकार वेगळा, तिथं बाणानं बदलायचा. एक ओळ, दुसरी ओळ. पाऊण तास गेला. शेवटी बटण दाबलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर तिच्या नक्ष्या आल्या. पहिल्या रांगेत गरुड, बदकासारखा.

कुणी ओरडलं नाही. कारण तेवढ्यात भंगारवाला दारात गाडा लावून आत आला होता, पन्नास मिनिटं आधीच. टेबलावर उघडा डबा बघून म्हणाला, "वा, सोलून ठेवलाय. पत्रा वेगळा घेऊ का?"

"बस," आक्का म्हणाली. "घाम पूस."

धाकटा म्हणाला, "सुरू झाला हे खरं. पण महिनाभर सुरू होतच होता. चाळीस मिनिटांनी काय?"

"बरोबर बोललास. आज पहिल्यांदाच." तिनं अग्निशामक दलाची नक्षी काढली, सहा हेडांना लाल दोरा चढवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. "तीन पन्नासला बघू. हँग झाला तर गाड्यावर हा चढेल आणि मी दोरे कापेन. काही बोलणार नाही."

मशीन सुरू झालं. सहा सुया एकदम खाली, एकदम वर. शिडीच्या पायऱ्या उमटायला लागल्या. बाया आपापल्या जागी गेल्या, पण काम कुणाचं पुढं सरकेना. भंगारवाल्याला चहा दिला, त्याचा गार झाला. तीन तीसला तोही घड्याळाकडं बघायला लागला, का ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तीन पंचेचाळीसला बाण थबकल्यासारखा झाला. धाकटा पडद्यावर वाकला. आक्कानं डब्याच्या उघड्या कुशीवर तळहात ठेवला, पोराचा ताप बघतात तसा. कोमट. "चालतोय," ती म्हणाली. बाण हलला.

तीन एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्न.

त्रेपन्नला काजवाली उठून म्हणाली, "सुटी झाली की नाही रे?" तेव्हा कुठं सगळ्या हसल्या.

चारला डॉक्टर नवं खोकं घेऊन आला. सहा बिल्ले एका वेळी, असे बरेच बिल्ले टेबलावर पडले होते. डॉक्टरनं उघडा डबा बघितला, फिरणारा पंखा बघितला. "तात्पुरता आहे हा," तो म्हणाला. "जुनी वस्तू. केव्हा मान टाकेल सांगता येत नाही."

"ते खरंय," आक्का म्हणाली. "म्हणून तुझं खोकं परत नेऊ नकोस. त्यात माझ्या चारशे नक्ष्या उतरवून दे. आज. जायच्या आधी. सहा वर्षं मी टाळाटाळ केली, ती दुसरी चूक. आणि पुढच्या वेळी डबा उघडल्याशिवाय कुणाला मेला म्हणू नकोस."

डॉक्टरनं धाकट्याकडं बघितलं. धाकटा म्हणाला, "सांगतायत तसं करा."

"आणि तयार नक्ष्यांचा संच?"

"नको."

भंगारवाला उठला. "म्हणजे मी मोकळाच जायचा?"

"त्या बाईच्या खुर्चीला हात लावला असतास तर मोकळाही गेला नसतास," काजवाली म्हणाली.

धाकटा अजून तिथंच उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, दोरे कापायच्या टेबलाबद्दल. "आक्का, मी सकाळी जे..."

"मागनं बोल. चार नंबरला दोरा तुटलाय."

तिनं मशीन थांबवलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि सुईच्या नाकात ओवलं. मग अर्धवट राहिलेल्या ज्वालेपाशी चार टाके मागं जाऊन बटण दाबलं.